आधी बरं म्हणावं

चोवीस वर्षं नामजिलमा आकाशाकडे बघण्याचा पगार घेत होती. तालुक्याच्या वेधशाळेत दर तीन तासांनी बाहेर यायचं, पारा बघायचा, वारा बघायचा, ढगांचा अंदाज घ्यायचा आणि राजधानीला फोन लावून आकडे सांगायचे. तिकडून कोणी 'कशा आहात' विचारत नसे, ही 'बरी आहे' म्हणत नसे. आकडे संपले की फोन बंद. मग एके दिवशी दोन इंजिनियर आले, अंगणात एक पांढरा खांब रोवून गेले, आणि खांब हे सगळं आपलं आपण करू लागला. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बाई घरी बसली.

पण बसते कसली! धाकटा भाऊ साम्बू अकरा वर्षं खाणीतून चीनच्या हद्दीपर्यंत कोळसा नेत होता. त्याने तिला ट्रकच्या परवान्याला बसवलं. नवऱ्याने हे ऐकून हसता हसता चहा सांडला. परीक्षेत बाई पहिल्या झटक्यात पास झाली, तेव्हा मात्र त्याने स्वतःची फरची टोपी तिच्या डोक्यावर घातली.

गाडी चालवणं तिला जमलं. जमेना ते बोलणं.

पहिल्याच खेपेला निघताना तिने एका ड्रायव्हरला तोंडावर सांगितलं, "तुमचा मागचा डावा टायर आज फुटणार." साठ किलोमीटरवर तो फुटला. आता माणसाने आभार मानावेत की नाही? तर नाही. दुसऱ्या दिवसापासून खाणीच्या फाटकावर तिचं नाव पडलं काळ्या तोंडाची. टायर म्हणे तिच्या जिभेने फुटला. साम्बू त्या दिवशी तिच्यासाठी दोघांशी भांडला. तांड्यातला सगळ्यात जुना ड्रायव्हर चुलुन, त्याने तिला बाजूला घेऊन झापलं.

"बाई, इथे कोणी विचारलं कसं आहे, तर आधी बरं म्हणायचं. घर जळत असलं तरी आधी बरं. मग चहाचा घोट घ्यायचा, मग हळूच सांगायचं की घर जळतंय."

"तोवर घर उरेल का, दादा?"

"उरेल न उरेल. आग तुझ्या तोंडाने लागली असं तरी कोणी म्हणणार नाही ना! वाटेवर अशुभ बोललं की ते वाटेत उभं राहतं. तुझ्या त्या खांबाला हे ठाऊक नसेल, पण तू खांब आहेस का?"

नामजिलमाला हे पटलं नव्हतं, पण भावाची मान खाली जायला नको म्हणून तिने जीभ आवरली. दुसऱ्या खेपेला ती बरं म्हणायला शिकली. तिसऱ्या खेपेला तर ते विचार न करताच तोंडातून निघू लागलं, आणि लोक तिला ताई म्हणू लागले.

चौथी खेप एप्रिलच्या अखेरीस होती. सकाळी चुलुनदादाने वाट शुभ जावी म्हणून तिघांच्या गाड्यांच्या चाकांवर दूध शिंपडलं. दुपारी बाराच्या सुमारास ते रांगेला लागले. हद्दीपर्यंत सात किलोमीटर नुसते ट्रक, एकामागे एक, काळे आणि थांबलेले. पुढे साम्बू, मध्ये चुलुनदादा, शेवटी ती. शेजारच्या पट्ट्यावरून रिकाम्या गाड्या परत खाणीकडे सुसाट निघाल्या होत्या.

हवा पडली होती. इतकी, की कोळशाची भुकटी उडत नव्हती. चंडोल गप्प होते. नामजिलमाच्या कानात दडे बसल्यासारखं झालं आणि तिला ते ओळखीचं वाटलं. पारा उतरताना तिच्या कानांना तो आधी कळायचा. तिने आरशात पाहिलं. वायव्येला क्षितिजावर तपकिरी रेघ होती. तिने हात लांब करून अंगठा धरला. रेघ नखाएवढी. पाच मिनिटांनी अख्ख्या पेराएवढी झाली.

वादळ यायला चाळीस मिनिटं, तिच्या मनाने हिशेब केला. फार तर पंचेचाळीस.

तेवढ्यात गाडीतल्या वायरलेसवर साम्बूचा आवाज आला. "ताई, रांग काही तीन तास हलत नाही. मी त्या टेकडीजवळच्या तंबूत जाऊन खुशूर घेऊन येतो. मटण भरून तळलेले, गरमागरम. मागे हवा बरी आहे ना गं?"

"बरी आहे, बरी आहे," ती म्हणाली.

रीत म्हणून तिने श्वास घेतला. मग शब्द मऊ करून म्हणाली, "तशी वायव्येला जरा धूळ दिसतेय. तू आत्ता नको जाऊस, साम्बू. गाडीतच थांब." आणि उत्तराची वाट पाहिली. पुन्हा म्हणाली. वायरलेस नुसता खरखरत राहिला. 'बरी आहे' ऐकून गडी केव्हाच खाली उतरला होता.

ती उडी मारून रस्त्यावर आली, तोवर तो परतीचा पट्टा ओलांडून माळावर लागला होता. मधून रिकाम्या गाड्या एकीला एक लागून चाललेल्या, पलीकडे पाऊल टाकायला फट नाही. ती पुन्हा वर चढली आणि तिने हॉर्न दाबून धरला. साम्बू वळला. त्याला वाटलं, ताई जास्तीचे मागतेय. त्याने दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली, हसला असावा, आणि चालू लागला.

वीस मिनिटांत तंबूत पोचेल, तिने स्वतःची समजूत घातली. तंबूवाली बाई जन्मभर इथे राहिलेली. आभाळ बघून त्याला सोडायची नाही. तंबूत असेल तर जिवाला धोका नाही.

वादळ एकेचाळिसाव्या मिनिटाला आलं. आधी लाल, मग तपकिरी, मग भर दुपारी गाडीचं बॉनेट दिसेना. शंभर टनांचा ट्रक डुलू लागला, काचेवर खडे ताडताड वाजू लागले. चुलुनदादा गाड्यांना धरून चाचपडत तिच्या केबिनमध्ये आला. चिंगीस खान असो की चोर, असल्या धुळीत सगळे आंधळेच, असं एरवी तो म्हणाला असता. दोघांनी आळीपाळीने हॉर्न दाबला. चुकून तंबूतून निघालाच असेल, तर आवाजाच्या रोखाने रस्त्याला लागेल.

"दादा, तो नाही निघायचा ना?"

"नाही निघायचा," तो म्हणाला.

तासाभराने धूळ बसली. तंबूवाली बाई तोंडाला फडकं बांधून माळावरून धावत येताना दिसली. नामजिलमा खाली उतरून तिच्याकडे धावली.

"पोचला ना तो?" बाई लांबूनच ओरडली. "मी त्याचा हात धरला होता हो! म्हटलं, आभाळ बघ, बस इथेच. तर म्हणतो, माझी बहीण चोवीस वर्षं आभाळच बघत आलीये, ती म्हणाली बरी आहे."

तो पोचला होता, म्हणजे जवळजवळ पोचला होता. हॉर्नच्या रोखाने तो बरोबर आला होता, बहिणीच्या गाडीच्या अगदी समोर. परतीच्या पट्ट्यावर, तिच्यापासून वीस पावलांवर, धुळीतही न थांबलेल्या एका रिकाम्या ट्रकने त्याला उडवलं होतं. तो ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला बसून स्वतःच्या थोबाडीत मारून घेत होता. खुशूरची पिशवी साम्बूने कोटाच्या आत धरली होती, ती अजून कोमट होती.

नामजिलमा त्याच्या शेजारी मातीत बसली. तिने त्याच्या पापण्यांवरची धूळ पुसली. रडू येईना. माणसं जमली, कोणी निळा खदग, मानाचं रेशमी वस्त्र, आणून त्याच्या तोंडावर टाकला. जो तो तिला सांगू लागला की वादळ अचानक आलं, ताई, असं कोणालाच कळत नसतं.

"मला कळलं होतं," ती मोठ्याने म्हणाली. "मला आरशात दिसलं होतं. मिनिटांसकट कळलं होतं. तरी मी बरी म्हणाले."

माणसं एकेक करून आपापल्या गाडीकडे सरकली. फक्त चुलुनदादा तिच्याजवळ उकिडवा बसून राहिला. बराच वेळ तो हातातली टोपी फिरवत होता.

"मी मध्ये होतो," तो म्हणाला. "वायरलेसवरचं तुमचं सगळं बोलणं मला ऐकू येत होतं. तंबूकडे निघाला तेव्हा माझ्या दारावरून गेला तो, हाताच्या अंतरावरून." त्याने टोपी मातीत ठेवली. "माझ्याही गाडीला आरसा आहे, नामजिलमा."