राजाची उडी

तापीकाठच्या त्या गावात पितांबरभाईंसमोर बुद्धिबळाचा पट मांडणारा भिकन तेवढा उरला होता. गेल्या उन्हाळ्यात तोही गेला आणि पितांबरभाईंना संध्याकाळ खायला उठू लागली. केळीच्या बागेशी माणूस बोलून बोलून किती बोलणार! तळोद्याच्या बुद्धिबळ मंडळात रोज डाव रंगतात असं कानावर आलं, पण मंडळाचे चिटणीस रूपचंदशेठ यांची अट होती: स्पर्धेत नव्या, विलायती पद्धतीनं एक तरी डाव जिंका, मग खुशाल रोज या.

म्हणून एकोणीसशे एकसष्ट साली, उतारवयात, ते नवी पद्धत घोकायला बसले. देशी खेळात प्यादं एकेक घर चालतं. इथं पहिल्याच पावलाला दोन घरं, जणू मागं कुत्रं लागलंय! तेही त्यांनी गिळलं. राजाला हत्तीच्या आड नेणारा किल्लेकोटही शिकून घेतला.

स्पर्धेच्या दिवशी मंडळाच्या हॉलमध्ये समोर पाटबंधारे खात्याचा तरुण ओव्हरसियर होता. सुरुवात झकास झाली. प्यादी दोन-दोन घरं सरकली, घोडे बाहेर पडले, आणि झटापटीत ओव्हरसियरचा एक घोडा फुकट गेला. रूपचंदशेठची मान डोलली. पितांबरभाईंना तर मंडळातल्या रोजच्या संध्याकाळी दिसायलाही लागल्या.

इतक्यात ओव्हरसियरच्या उंटानं किल्लेकोटाची वाट अडवली. पितांबरभाई काही घाबरले नाहीत. देशी खेळात शह न बसलेल्या राजाला एकदाच घोड्यासारखी उडी मारता येते. उभ्या जन्माची सवय. हातानं राजा उचलला आणि अडीच घरं पलीकडे नेऊन ठेवला.

“हाई काय करं, पितांबरभाई?” रूपचंदशेठ म्हणाले. “नवी रीतमां राजा उडी मारत नही.”

पितांबरभाईंनी घाईनं राजाकडे हात नेला. “चुकनं मन्हं. मांगे ठेवस.”

“हात लागना ना? आते राजाच हालवना पडी.”

राजाला घर एकच उरलं होतं, वजिरापुढचं, उघड्यावरचं. तिथं त्याची शिकार झाली. थोड्याच चालींत मात.

ओव्हरसियर भला माणूस. “सुरुवात फार छान खेळलात, काका,” म्हणाला.

पितांबरभाईंनी त्याचा हात धरला. “भाऊ, एक डाव जुनी रीतना खेळशी का?”

“मला येत नाही हो ती.”

त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. कुणी पुढं आलं नाही.

“जुनी रीत आते कोन खेळस, भाई?” रूपचंदशेठ हळूच म्हणाले.

“मी खेळस,” पितांबरभाई म्हणाले. पण डावाला दुसरा माणूस लागतो, हे बोलता बोलताच त्यांच्या ध्यानात आलं, आणि भरल्या हॉलमध्ये ते पोरासारखे रडले.