चौथी मेंढी

मायाक्कानं प्रश्नांचा कागद टेबलावर पालथा टाकला आणि ती साक्षीदाराच्या पिंजऱ्याकडं वळली. पिंजरा कसला, दोन खुर्च्यांवर आडवी टाकलेली वाचनालयाची शिडी. तिच्यामागं उभा असलेला सिद्धाराम आज एका दिवसापुरता मेंढपाळ झाला होता. एरवी तो भुसार दुकानदाराचा मुलगा. मेंढ्या त्यानं पाहिल्या होत्या त्या एस.टी.च्या खिडकीतून, आणि त्याही गाडी अडली म्हणून कुरकुर करत.

"तुमच्या खांडात मेंढ्या किती?"

"दोनशे."

"रंग?"

"काळा. बहुतेक सगळ्यांचा."

"मग बाजारात दिसलेल्या त्या चार मेंढ्या तुमच्याच, हे कशावरून ओळखलंत?"

"तोंडावरून."

"तोंडात काय वेगळं होतं?"

सिद्धारामनं छताकडं पाहिलं, पंख्याकडं पाहिलं. शेवटी म्हणाला, "नाक जरा लांब होतं."

"चौघींचंही?"

सोलापूरच्या लॉ कॉलेजचा हॉल खळखळून हसला. सकाळच्या वर्गाला बसणारे, वर्ग सुटताच कचेऱ्या आणि शाळा गाठणारे ते सगळे विद्यार्थी आज रजा टाकून आले होते. वर्षातून एकदा भरणाऱ्या या अभिरूप न्यायालयाला पोरं आपसात 'खोटं कोर्ट' म्हणत, पण गर्दी मात्र खऱ्या कोर्टासारखी करत. खालच्या कोर्टात साक्षी मराठीतच होतात, म्हणून पुराव्याचा कायदा शिकवणाऱ्या सरांनी यंदा मराठीची मुभा दिली होती, आणि मायाक्काच्या जिभेला जणू पाय फुटले होते.

कानावरची खूण कातरीनं कुणालाही करता येते, हे तिनं सिद्धारामच्याच तोंडून वदवून घेतलं. लोकर कातरल्यावर मेंढी निराळी दिसते का, असं विचारलं. तो हो म्हणाला. मग चोरीनंतर कातरणी झाली होती का? ते त्याला आठवेना. मायाक्काच्या अंगात वारं शिरलं होतं. एका प्रश्नाचं उत्तर येईस्तोवर दुसरा तयार होत होता. न्यायाधीशाच्या खुर्चीत शहरातले जुने फौजदारी वकील आबासाहेब बसले होते. त्यांनी पेन खाली ठेवलं होतं आणि नुसते ऐकत होते.

तेवढ्यात हॉलच्या दारात तांबडा पटका दिसला. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. शिपायानं पुढं केलेल्या खुर्चीच्या अगदी कडेला तो माणूस टेकला.

मायाक्काचा बाप धुळा, माळशिरस तालुक्यातून पहाटेची गाडी धरून आला होता.

त्याला बोलावलं होतं ते तिनंच. सरांनी खटल्यासाठी खरी घडलेली गोष्ट आणा म्हटल्यावर तिनं नावं बदलून घरचाच खटला लिहून दिला होता. गेल्या आषाढात धुळाच्या खांडातल्या चार मेंढ्या चोरीला गेल्या, पुढं बाजारात एका व्यापाऱ्याच्या वाघरीच्या जाळीत त्यानं त्या ओळखल्या, आणि आता पुढच्या महिन्यात माळशिरसच्या कोर्टात त्याची साक्ष होती. 'तुमचा खटला मी इथं लढवणार आहे, बघायला या,' असं कार्ड तिनं उत्साहाच्या भरात पोस्टात टाकलं. कार्ड गेलं, आणि दुसऱ्या दिवशी बाजू ठरवायच्या चिठ्ठ्या निघाल्या. तिच्या वाट्याला आरोपी आला.

साधी वेळ असती तर हसून सोडून देता आलं असतं. पण भावकीनं आधीच धुळाचे कान भरले होते. वकिली म्हणजे दिवसाढवळ्या खऱ्याचं खोटं करायचं शिक्षण, पोरीला ते शिकवून काय मिळवणार, असं जो तो म्हणे. धुळानं कुणाशी वाद घातला नव्हता. एक वरीस शिकू दे, फुडचं फुडं बगू, एवढंच तो म्हणाला होता. ते एक वर्ष आता सरत आलं होतं. बाप काय पाहून परत जातो यावर तिचं दुसरं वर्ष लटकलेलं होतं, आणि बाप पाहत होता तो हा तमाशा: त्याची लेक, त्याचाच खटला, आणि धनगराला आपली मेंढी ओळखताच येत नाही हे भर सभेत शाबीत करायचा तिचा आटापिटा.

क्षणभर तिची जीभ अडखळली. आबासाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

थांबावं, हळू घ्यावं, असं तिला वाटून गेलं. पण अंगातलं वारं उतरायला तयार नव्हतं. तिनं पदर खोचला आणि शेवटचा प्रश्न टाकला. ओळखीची एकही खूण सांगता न येणाऱ्या माणसाच्या शब्दावर दुसऱ्या माणसाला तुरुंगात घालायचं का? पाऊण तासानं आबासाहेबांनी आरोपीला निर्दोष सोडलं आणि कोल्हापूरला विद्यापीठाच्या स्पर्धेसाठी मायाक्काचं नाव जाहीर केलं. टाळ्या वाजल्या. सिद्धारामनंच सगळ्यात जोरात वाजवल्या.

सायकलस्टँडच्या कट्ट्यावर बापलेक चहा घेऊन बसले. जिंकल्याचा आनंद तिच्या पोटात मावत नव्हता आणि तो दाखवायची चोरी. चिठ्ठीचं तिनं भराभरा सांगून टाकलं. धुळानं चहा बशीत ओतून सावकाश प्यायला.

"लई बारीक इचारतीस," तो म्हणाला. "तितल्या कोर्टात बी असंच इचारतील?"

"ह्याच्याहून वंगाळ इचारतील, आण्णा."

"मग इचार की मला."

त्यानं बशी खाली ठेवली आणि उठून समोर उभा राहिला, मघाशी सिद्धाराम उभा होता तसा. येणारीजाणारी पोरं बघत होती. मायाक्का आधी लाजली. मग त्याच्या तोंडाकडं बघून तिनंही सावरून घेतलं आणि पहिल्यापासून सुरू केलं.

"मेंढ्या तुमच्याच कशावरनं?"

"पैलीचा डावा डोळा बारका. कोकरू पेत असलं की मान उजवीकडं टाकती, न्हाईतर टाकत न्हाय. दुसरी तिचीच लेक, मागच्या पायानं जरा फाकून चालती. तिसरी भित्री हाय. वड्याला पानी असलं की पाय घालत न्हाय, हुबी ऱ्हाती."

"कातरल्यावर?"

"कातरल्यावर चाल बदलती व्हय?"

हॉलमध्ये पाऊण तास घासून धार लावलेले तिचे प्रश्न एकामागून एक बोथट होत होते आणि तिला हसू आवरेना. असा साक्षीदार हाताशी असल्यावर कोण हरतो खटला! ती कट्ट्यावरून पुढं झुकली.

"आनि चौथी?"

काठीच्या टोकानं धुळानं जमीन उकरली.

"चौथी आपली न्हाय," तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. त्यानं हाळी दिली तशा व्यापाऱ्याच्या वाघरीतनं तिघी आवाज ओळखून आल्या. त्याची खरी चौथी तिथं नव्हतीच, पण तिघींच्या मागोमाग ही एक आली. मागं आलेलं मेंढरू धनगर हाकलून देत नाही. त्याचा धनी शोधत येईपर्यंत आपल्यात ठेवायचं, चारायचं, ही रीतच होती. त्यानं ती येऊ दिली. फिर्यादीत चार गेल्याचं होतं, समोर चार उभ्या होत्या, पोलिसांच्या कागदावर चार लागल्या. कागद वाचून दाखवला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं नाही आणि त्यानं अंगठा उठवला. रीतीनं वागला आणि लबाड ठरायची पाळी आली.

"आता तू सांग," तो म्हणाला. "कोर्टात चार म्हनू, का तीन?"

चौथीबद्दल कोण विचारणार होतं? एवढी अक्कल पाजळूनही हॉलमध्ये मायाक्काला ते सुचलं नव्हतं. चार म्हटलं तर कागद आणि साक्ष जुळत होती. तीन म्हटलं की कागद खोटा पडणार, आणि कागद खोटा पडलेल्या साक्षीदाराला कसं लोळवायचं हे तिला आता चांगलं ठाऊक होतं. मुकाट चार म्हणा, एवढंच सांगायचं होतं. बाप तिच्याकडं बघत नव्हता. रस्त्यावरून सुताचे गठ्ठे लादलेला टांगा चालला होता, त्याकडं बघत होता.

"तीन," ती म्हणाली.

आणि ते तोंडातून बाहेर पडताच बाकीचं तिला लख्ख दिसलं. ती उठूनच उभी राहिली.

"तीनच म्हना, आण्णा. आनि कुनी इचारायच्या आदी तुमीच हून सांगा. ज्यो मानूस म्हंतो चौथी माजी न्हाय, त्येनं तीन वळखल्या ह्यावर कोर्ट इस्वास ठेवील. खोटं बोलायचं असतं तर चौथी कशाला सोडली असती? मी समूरची वकील असते न्हवं, तर हितं माजी बोलतीच बंद झाली असती. मघाचा खटला मी हरले असते."

आपणच जिंकलेला खटला असा मोडून पडताना पाहून तिला जो आनंद झाला तो मघाच्या टाळ्यांनी झाला नव्हता. तिनं ते तसंच बोलूनही दाखवलं. कोल्हापूरला दुसरी बाजू आली तर हेच मांडीन म्हणाली, धापा टाकत.

धुळानं तिचं सगळं बोलणं संपू दिलं.

"मी तीनच म्हननार हुतो," तो म्हणाला. "तू काय म्हंतीस त्येवढं ऐकाया आलतो."

मायाक्का खाली बसली. तिचे कान तापले. हॉलमधल्या साऱ्या गर्दीत आपला उलटतपास चालला नव्हता, तो इथं सायकलींच्या शेजारी झाला, हे तिला आता कळलं.

त्यानं घोंगडं खांद्यावर नीट केलं.

"दुसरं वरीस कवा चालू हुतंय?"

"जूनला."

"जूनला आमी मेंढरं घिऊन वाटंला आसनार. मला यायला हुयाचं न्हाय," धुळा म्हणाला. "तुजं तूच जाऊन नाव घाल."