दोषसभा

कृपामाऊली संघाच्या माजी सिस्टरांचं पहिलं स्नेहसंमेलन पंच्याण्णव सालच्या मे महिन्यात, बेलापूरच्या टेकडीखाली, संघाच्या जुन्या उन्हाळी शिबिराच्या जागेवर भरलं. माजी म्हणजे व्रतं सोडून घरी गेलेल्या. संघाच्या कागदोपत्री त्यांना ‘आपल्यातून गेलेल्या’ म्हणत. वारलेल्या सिस्टरांसाठीही हाच शब्द होता, त्यामुळे वर्षातून एकदा दोन्हींसाठी मिळून एकच मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, उरकता येई.

पूर्वी इथे शाळेतल्या मुलींना उन्हाळ्यात आणून मोकळी हवा आणि शिस्त देत. शिस्त अजून शिल्लक होती. हवा मात्र चारी बाजूंनी उठलेल्या सोसायट्यांनी वाटून घेतली होती, आणि गॅलऱ्यांत कपडे वाळत घालणाऱ्या बायका खाली काय चाललंय ते निवांत बघत होत्या.

बोलावलं बऱ्याच जणींना होतं, आल्या चौघी. बोलावणारी लिओनी तुस्कानो. शिबिरात ती मुलींची प्रमुख असे. आता सीवूड्सला फ्लॅट, संगीतशिक्षक नवरा रॉक, आणि नेरुळला नोकरदार मुलींचं होस्टेल चालवणाऱ्या ट्रस्टचं अध्यक्षपद. दुसरी हिल्डा डाबरे, वसईची, विमा कचेरीत कारकून. हिचं काम हसवणं. तिसरी सबीना, एका शाळेची हेडमिस्ट्रेस, जिने आयुष्यात कुणाशी भांडण केलं नव्हतं, कारण भांडण सुरू व्हायच्या आत ती खोलीबाहेर गेलेली असे. चौथी सुशीला पाटोळे, राहुरीकडची. संघात ती स्वयंपाकघरात होती. आईला लकवा झाला तेव्हा मदर सुपीरियर म्हणाली, घर किंवा मठ. सुशीला घरी गेली. आईही पुढे गेली.

आता ती घणसोली गावात भाड्याच्या खोलीत राहायची. मालक घर पाडून वर मजले चढवणार होता आणि महिनाअखेर खोली रिकामी करायची होती. लिओनीच्या होस्टेलला मेट्रन हवी होती. मेट्रनला खोली मिळणार होती. सुशीलाने फोन केला तेव्हा लिओनी म्हणाली, “अगं, ये ना संमेलनाला. तिथेच बोलू निवांत.”

म्हणून सुशीला अनारसे करून घेऊन आली होती.

सकाळपासून ती निवांत वेळ शोधत होती. लिओनी निवांत होत नव्हती. बारा वाजता बाळाबाईने, म्हणजे जागा राखणाऱ्या गावातल्या म्हातारीने, लटकवलेल्या रुळाच्या तुकड्यावर लोखंड हाणलं आणि चौघींची तोंडं शब्दाच्या मध्यावर बंद झाली. हिल्डा हात धुवायला निघाली. बाकीच्या तिच्यामागे ज्येष्ठतेने उभ्या राहिल्या. सुशीला शेवटी.

“अगं आई गं,” हिल्डा भानावर येऊन म्हणाली, “माझं लग्न झालंय, दोन नाती आहेत, आणि घंटा वाजली की मी अजून गाय!”

खूप हसल्या. जेवणानंतर अनारसे फिरले आणि लिओनीला कल्पना सुचली.

“दोषसभा करू या का? मज्जा.”

दोषसभा दर शुक्रवारी असे. एकीने मधे गुडघ्यांवर बसायचं. बाकीच्यांनी ‘प्रेमापोटी सांगते’ म्हणून तिचे दोष सांगायचे. जिचे दोष, तिने उत्तर द्यायचं नाही. शेवटी जमिनीला ओठ लावून आभार मानायचे, प्रमुख सिस्टरने घंटा वाजवली की उठायचं. मदर सुपीरियर याला आत्म्याची आंघोळ म्हणे.

लिओनीने स्टीलचा पेला आणि चमचा घेतला. प्रमुख कोण, हे कुणी विचारलं नाही.

आधी हिल्डा बसली. प्रेमापोटी सांगते, ही ध्यानात घोरायची. प्रेमापोटी सांगते, हिने बिशपांसाठी ठेवलेला मुरांबा खाल्ला. टण्ण. मग सबीना. तिचा दोष कुणाला सापडेना, तेव्हा हिल्डाने ‘अक्षर फार चांगलं’ म्हणून गर्वाचा आरोप ठेवला. टण्ण.

“चल, सुशीला.”

सुशीलाचे गुडघे कामातून गेले होते, पण ती बसली. जिच्याकडे आपण काही मागायला आलो आहोत तिच्या खेळात नाही कसं म्हणणार?

“प्रेमापोटी सांगते,” हिल्डा म्हणाली, “हिच्या वरणात मीठ म्हणजे दैवी चमत्कार. कधीतरी व्हायचा.”

सुशीलाही हसली. तेवढ्यात भांडी न्यायला आलेली बाळाबाई दारात थबकली. “काय हरवलाय गो बाय? मी शोधू?”

“काही नाही, बाळाबाई. खेळतोय.”

“ह्या वयान?” म्हणून ती भांडी घेऊन गेली.

लिओनीने चमचा खाली ठेवला. “प्रेमापोटी सांगते. या शिबिरात मी रॉकला चोरून भेटायचे. ते एकीने मदरला जाऊन सांगितलं. माझ्याशी आठवडाभर कुणी बोलू नये अशी शिक्षा झाली आणि नंतर हाकललं. सगळ्यांना वाटलं मी आपणहून गेले. ती चुगली सुशीलाने केली.”

त्या चुगलीमुळेच लिओनीचं रॉकशी लग्न झालं. लग्न अजून टिकून होतं, आणि चुगली करणारीला तिने माफ न करण्याचं कारण कदाचित तेच असावं.

चुगली सबीनाने केली होती. सुशीलाला हे माहीत होतं, कारण त्या वेळी चहाचा ट्रे घेऊन ती मदरच्या दाराबाहेर उभी होती. दार उघडून बाहेर येताना सबीनाने तिला पाहिलंही होतं. सुशीलाने ते इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. आताही तिने फक्त मान वर करून सबीनाकडे बघितलं.

सबीनाने पदर सावरला.

“प्रेमापोटी सांगते,” ती हळू आवाजात म्हणाली, “सुशीलाला दाराशी उभं राहायची सवय होती.”

हिल्डाला या वेळी विनोद सुचला नाही. तिने एक अनारसा घेतला.

सुशीलाचे ओठ उघडले. मग तिला नियम आठवला, किंवा नियमालाच ती आठवली. ती वाकली, धुळकट फरशीला ओठ लावले आणि म्हणाली, “दोष दाखवलात, आभारी आहे. माझ्यासाठी प्रार्थना करा.”

टण्ण.

उठायला तिला खुर्ची धरावी लागली. “सिस्टर लिओनी,” ती म्हणाली. एवढ्या वर्षांनीही तिच्या तोंडून तेच यायचं. “ते मी नव्हतं सांगितलं. मदरकडे गेली होती ती—”

“सुशीला!” लिओनीने हात वर केला. “सभेतलं सभेबाहेर काढायचं नाही. विसरलीस?”

“पण सभेत बोलता येत नाही ना.”

“तोच तर नियम.”

“नियम आहे खरा,” सबीना म्हणाली. तिने पर्स उचलली होती.

“मग मी कधी बोलू?”

हा प्रश्न संघाच्या इतिहासात प्रथमच विचारला गेला असावा. हिल्डा म्हणाली, “जाऊ दे ना गं, खेळ होता,” आणि उरलेले अनारसे कुणी नेणार का, असं विचारलं. सबीनाने नेले.

सुशीला लिओनीच्या मागोमाग गाडीपर्यंत गेली. “ते होस्टेलचं... खोली महिनाअखेरीस सोडायचीये मला.”

“माझ्या लक्षात आहे गं.” लिओनीने तिचा हात हातात घेतला. तिचा आवाज खरोखर मऊ होता. “पण तरुण मुलींचं होस्टेल आहे. त्यांच्या हजार भानगडी. तिथे पोटात गोष्ट ठेवणारी बाई लागते. तूच सांग, माझ्या जागी तू असतीस तर?”

सुशीलाने सबीनाकडे पाहिलं. सबीना अनारशांचा डबा मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसली होती आणि काच वर करत होती.

“बरोबर आहे,” सुशीला म्हणाली.

“अशी तुला सोडणार नाही मी,” लिओनी म्हणाली आणि तिथेच, गाडीच्या दाराशी, डोळे मिटून तिने मोठ्याने प्रार्थना केली की प्रभू येशूने आमच्या या गरीब बहिणीला लवकरात लवकर चांगली, हवेशीर खोली मिळवून द्यावी. प्रार्थना लांबली. समोरच्या गॅलरीतल्या एका बाईने ओला टॉवेल हातात धरून ती पूर्ण ऐकली.

आमेन मोठ्याने म्हणणारी सुशीला एकटीच होती.