बर्फाच्या खणातलं औषध

माझ्या लेकीला, रूपाला, शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे पोट बिघडतं वगैरे नव्हे. घसा सुजतो, श्वास अडकतो, वेळेवर औषध टोचलं नाही तर जीव जातो. ज्या मुलखात भाजीपासून चटणीपर्यंत सगळ्यात दाण्याचा कूट पडतो, तिथं हे समजावून सांगता सांगता माझं तोंड दुखतं. "एका दाण्यानं काय व्हतंय?" म्हणणाऱ्या प्रत्येकीला मी मनातल्या मनात दोन ठेवून दिल्या आहेत.

माझ्या सासूबाई, भामाबाई, मात्र त्यांतल्या नव्हेत. आम्ही सुट्टीला सिल्लोडला गेलो की घरातला कूट त्या शेजारी नेऊन ठेवतात आणि तिळावर भागवतात. या वेळी त्या आमच्याबरोबर हैदराबादला यायला निघाल्या होत्या. माझा नवरा राजकुमार तिथं नोकरीला आहे; मी आणि रूपा संभाजीनगरात राहतो. सासूबाईंचा हा पहिलाच विमानप्रवास, म्हणून ठेवणीतलं पांढरं पातळ नेसल्या होत्या.

संभाजीनगरच्या विमानतळावर तपासणीच्या रांगेत मी पर्समधून लाल पाऊच काढला. त्यात रूपाची दोन इंजेक्शनं असतात, मांडीवर दाबलं की आपोआप टोचणारी. ती इथं दुकानात मिळत नाहीत, बाहेरच्या देशातून मागवावी लागतात. सुई पाहून कुणी अडवू नये म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी मी आधीच हातात धरली होती. चेन उघडली तर पाऊच रिकामा.

मी पर्सचे सगळे कप्पे उलटेपालटे केले.

"घाबरू नको, माझ्यापाशी हायत," मागून सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी थर्मास उघडला. सिल्लोडपासून तो त्यांनी मांडीवरून हलू दिला नव्हता. मला वाटलं होतं, त्यांचं इन्शुलिन असेल. ते होतंच, वरच्या बाजूला फडक्यात गुंडाळलेलं. खाली बर्फाच्या खड्यांत रूपाची दोन्ही इंजेक्शनं रोवलेली होती.

"लई ऊन हाय ना, म्हणून काल सांजंलाच बर्फाच्या खणात ठेवली. माझं औषध आपलं फ्रीजच्या दारात. पण पोरीचं तर जिवावरचं, त्याला जास्त गार नको का?"

तपासणीवाल्या बाईंनी चिठ्ठी वाचली, बर्फ ओतून टाकायला लावला आणि मान हलवली. "दवाई है, ले जाइए." ज्या होकारासाठी मी सुट्टीभर धास्तावले होते, तो असा चुटकीसरशी मिळाला. आणि हातातलं औषध रात्रभर गोठलेलं होतं.

पलीकडे जाऊन मी रूपाच्या डॉक्टरांना फोन लावला. "एकदा गोठलं की त्याचा भरवसा नाही. दुसरं काहीच हाताशी नसेल तर तेच टोचायचं. पण त्याच्या जिवावर विमानात बसा, असं मी सांगणार नाही."

आमच्या विमानाची घोषणा सुरू झाली. "मी काहीच खाणार नाही, आई. तोंडच उघडणार नाही," रूपा म्हणाली. तिला पप्पांकडे जायचं होतं. पण शेजारच्या सीटवर कुणी दाण्याचं पाकीट फोडलं आणि तोच हात तिला लागला तर? खाली उतरेपर्यंत मी काय करणार होते?

माझा तोल गेला. "नको तिथं हात घालायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला? तुमच्या या मायेनंच मरेल माझी पोर!"

लोक वळून बघायला लागले. सासूबाईंनी थर्मासाचं झाकण हळूच लावलं.

"मला वाटलं, गार म्हंजी चांगलं," त्या एवढंच म्हणाल्या.

'उन्हापासून जपा' असं मीच त्यांना घोकून घोकून सांगितलं होतं. बर्फाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. हे कळूनही माझा राग काही उतरला नाही.

विमान आमच्याविना गेलं. आम्ही रिक्षानं क्रांती चौकाजवळ त्याच डॉक्टरांकडे गेलो. नवीन इंजेक्शनं यायला वेळ लागणार होता. तेच औषध इथं काचेच्या कुपीत मिळतं; तोवर ते साध्या सिरिंजमध्ये भरून टोचायचं. डॉक्टरांनी ते करून दाखवलं आणि सरावासाठी पाण्याची कुपी माझ्या हातात दिली. पहिली कुपी मी इतकी जोरात दाबली की ती हातातच फुटली. दुसरीतलं पाणी सिरिंजमध्ये घेतलं तर निम्मी हवाच.

"आजी, इन्शुलिन तुम्ही स्वतःच घेता ना? या, तुम्ही भरा," डॉक्टर म्हणाले.

"नाय बाबा. माझ्या हातानं नको." सासूबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

खरं सांगते, त्यांना माफ करावं असं मला अजूनही वाटत नव्हतं. पण रूपाचा घसा आवळत असताना सिरिंज कुणाच्या हातात हवी? माझ्या की त्यांच्या?

"घ्या, आई," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. रूपाकडे पाहिलं आणि हात बाहेर काढला. सिरिंज बरोबर खुणेपर्यंत भरली. हवेचा एक बुडबुडाही नाही. कुठं टोचायचं, किती खोल, ते त्यांनी डॉक्टरांकडून दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "आन् ठेवायचं कुठं?"

"घरात सावलीला. ऊन नको, बर्फ नको."

"फ्रीजच्या दारात?"

"नको."

"माठाला लागून?"

"नको, आजी."

खाली रिक्षात बसल्यावर मी औषधाचा पाऊच त्यांच्यापुढे धरला. त्यांनी हात मागे घेतला.

"ठेवायचं तूच बघ, रत्ना. टोचायची येळ आली तर मला हाक मार. मी जागीच असते."