आलेखातलं पहिलं शिखर

नांदेडच्या प्रयोगशाळेत केसाहून बारीक टंगस्टनच्या तारा बांधायचं काम उमरीच्या लुंबिनीचंच. दोन चकत्यांमध्ये पिंजऱ्यासारख्या गोल सोळा तारा. जोरात श्वास सोडला तरी तुटायच्या. मग साठवलेली सगळी वीज एका दमात त्यांतून सोडली की तारांचा प्लाझ्मा होऊन तो आतल्या आत कोसळायचा, आणि पापणी लवायच्या कितीतरी आधी क्ष-किरणांचा लोळ उठून विझायचा.

एकदा क्ष-किरणांच्या आलेखावर मुख्य शिखराआधी एक छोटं शिखर उमटलं. ते पाहिलं लुंबिनीनं, टिपण लिहिलं तिनं. त्या शिखरावरचा लेख छापून आला तेव्हा त्यावर नावं दोनच होती: प्रयोगशाळेचे प्रमुख दयानंद सरांचं आणि त्यांचा भाचा रविकिरण याचं. भाच्यानं यंत्राला हातही लावला नव्हता. लुंबिनी शेवटी, आभारात: 'तारजोडणीस साहाय्य'.

ती केबिनमध्ये गेली. "सर, माझं नाव?"

"हात लई चांगला हाय तुझा," सर मान वर न करता म्हणाले. "पण लेखावर नाव डोक्याचं असतंय. तुमच्या लोकांना इथवर येऊ दिलं, ते काय कमी हाय?"

लुंबिनी बाहेर येऊन पुन्हा तारा बांधायला बसली.

पुढच्या आठवड्यात क्ष-किरण मोजायचं उपकरण साफ करताना तिनं त्याच्या तोंडावरचा, त्या प्रयोगापासून न बदललेला ॲल्युमिनियमचा पापुद्रा काढला. साधा उजेड अडवायचा आणि क्ष-किरण तेवढे आत सोडायचे, हे त्याचं काम. ट्यूबलाइटसमोर धरला, तर मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक. ते पहिलं शिखर क्ष-किरणांचं नव्हतंच. तापलेल्या तारांचा उजेड भोकातून शिरला होता.

सांगायला ती केबिनच्या दारापर्यंत गेली आणि माघारी फिरली. पापुद्रा पाकिटात घातला, तारीख टाकली, नवा बसवला. पुढच्या एकाही प्रयोगात ते शिखर आलं नाही.

"तारा सैल बांधून राहिलीस तू!" सर सगळ्यांदेखत ओरडायचे.

"हाव सर," ती म्हणायची. चढा अजून वर, असं मनात.

चौदा महिन्यांनी लातूरच्या परिषदेत सरांना मुख्य भाषण मिळालं. टाळ्या थांबल्यावर लुंबिनी उठली.

"सर, त्या दिवशीचा पापुद्रा तपासला होता का?"

"मी स्वतः तपासला."

तिनं पाकीट अध्यक्ष सुकन्या मॅडमच्या हातात दिलं आणि तारीख वाचून दाखवली: त्या दिवसानंतर ते शिखर पुन्हा आलेलं नव्हतं. मॅडमनी पापुद्रा प्रोजेक्टरच्या झोतात धरला. पडद्यावर त्याची काळी सावली पडली, आणि सावलीत उजेडाचा एक ठिपका. सरांनी भाषणाचे कागद गोळा करायला घेतले. लुंबिनीनं ते डोळे भरून पाहिलं.

लेख मागे घेणार असल्याचं सरांना तिथंच कबूल करावं लागलं.

दुपारी चहाच्या टेबलाशी एक मुलगी आली. सुकन्या मॅडमची विद्यार्थिनी, देवणीची पुनम.

"ताई, तुम्हाला हे कधी कळलं?"

"चौदा महिने झाले."

"मी वर्षभर तेच शिखर शोधून राहिले होते. सापडंना, तर मॅडमनी माझा विषय काढून घेतला."

लुंबिनीनं तिचा हात धरायला हात पुढं केला. पुनमनं कप ठेवला आणि निघून गेली.

लुंबिनीला वाईट वाटलं, मनापासून वाटलं. पण सभागृहाच्या पायरीवर सर एकटेच बसलेले दिसले, तशी ती पुनमच्या मागे गेली नाही. त्यांच्याकडे बघत तिनं चहा सावकाश संपवला.