टकलाचं खापर लिव्हरवर

कंधारच्या शेषेरावांच्या घरात तीन पिढ्या पुरुषांना पस्तिशीच्या आत टक्कल पडत आलं होतं. शेषेरावांना मात्र ते मान्य नव्हतं. वडिलांचे केस टायफॉइडनं गेले आणि आपले हेल्मेटनं, असं ते सांगत. त्यांना हेल्मेट घातलेलं गावात कुणी पाहिलं नव्हतं.

मुलगा उमाशंकर लग्नाचा झाला तसं त्याचं कपाळही वर सरकू लागलं. त्यात डोळे पिवळट दिसले म्हणून नांदेडला रक्त तपासलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, लिव्हरचा हा दोष जन्मजात आहे, आईबापाकडून येतो. धोका नाही, औषधही नको. केस यानंच गेले ना, असं शेषेरावांनी लगेच विचारलं. बाई म्हणाल्या, अंगात लोह साठण्याचा एक आनुवंशिक आजार असतो, त्यात केस गळू शकतात, यात नाही. मग त्यांची नजर शेषेरावांच्या डोक्यावर गेली आणि त्यांनी दुसरा पेशंट बोलावला.

शेषेरावांनी यातलं ‘लिव्हर’ आणि ‘आनुवंशिक’ एवढंच घरी आणलं. लिव्हर बायकोच्या, सिंधुताईंच्या माहेरचं, हे त्यांनी वाटेतच ठरवून टाकलं.

पुढच्या रविवारी ते उमरीला ऋतुजा नावाची मुलगी बघायला गेले. केसांचा विषय तिच्या घरच्यांनी काढलाच नाही. तो शेषेरावांनी काढला.

“आमच्यात टक्कल न्हाई. पोराला लिव्हरचा आजार हाय, वंशाचा. ते बी आईकडून आलेला.”

ऋतुजाच्या वडिलांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. नंतर निरोप आला, की टक्कल चाललं असतं, आजार नको.

ही गोष्ट सिंधुताईंच्या भावापर्यंत, रेणापूरच्या धोंडप्पांपर्यंत पोचली. त्यांच्या मुलीचं, करिश्माचं, लग्न जमत आलं होतं. पोराकडच्यांनी आता लिव्हरचा रिपोर्ट मागितला, मग फोन उचलणंच बंद केलं. धोंडप्पांनी बहिणीला हे सांगितलं आणि फोन ठेवून दिला.

सिंधुताईंनी नवऱ्यापुढं ताट ठेवलं. “उद्या नांदेडला चला. माझं बी रक्त काढा, तुमचं बी.”

सिंधुताईंचा रिपोर्ट सरळ निघाला. शेषेरावांच्या रक्तातलं पिवळेपण लेकापेक्षा जास्त भरलं. हा दोष थोडा थोडा दोघांकडून येतो, पण उघड दिसतो तो तुमच्यात, असं बाईंनी समजावलं. मशीन बिघडली असंल, असं म्हणून शेषेराव बाहेर पडले आणि परतीच्या एसटीत वेगळ्या सीटवर बसले. करिश्माचं मोडलं ते मोडलंच.

त्यानंतर उमाशंकर बापाला न सांगता लातूरला वर्षाराणी नावाची मुलगी बघायला गेला. केस बापावर गेलेत, उरलेलेही जातील, लिव्हर असं असं आहे, सगळं त्यानं सांगून टाकलं.

“ते ठीक हाय,” ती म्हणाली, “तुमचे वडील आपल्यासंग ऱ्हाणार हायत का?”

उमाशंकरनं लातुरात खोली बघितली आणि उन्हाळ्यात लग्न झालं. सिंधुताईंनी पंगतीत धोंडप्पांना मुद्दाम नवऱ्याशेजारी बसवलं. दोघं एकमेकांशी अक्षर बोलले नाहीत. जिलेबी मात्र दोघांनी मागून मागून घेतली.