जांभळा आडपडदा

थोरलीने कात्री उघडली, वेलाच्या काडीभोवती धरली आणि पुन्हा मिटून घेतली.

"कापतेयस की मापं घेतेयस?" पायरीवर बसून ड्रिलची वायर सोडवणाऱ्या नवऱ्याने विचारलं.

"तुम्ही तुमची भोकं पाडा," ती म्हणाली.

सगळी हयात तिची शिवणकामात गेली होती. लोकांच्या महागड्या कापडावर खडूची रेघ ओढून कात्री चालवताना हात कधी अडखळला नव्हता, आणि आज एका क्लेमॅटिसच्या वेलापुढे घोडं अडलं होतं. वेल म्हणायचा तरी कशाला? सालं सुटलेल्या तपकिरी काड्यांचा नुसता गुंता. थंडी सरत आली होती आणि काड्यांच्या पेरांवर हिरवे डोळे फुगू लागले होते. रोपवाटिकावाल्याने बजावलं होतं की हीच वेळ. गुडघ्याएवढं ठेवायचं आणि वरचं सगळं उडवायचं.

"उन्हाळ्यात फुलणारी जात आहे ही, बाई," तो दर वर्षी सांगायचा. "हिला फुलं येतात नव्या फुटीवर. जुनं तसंच ठेवलंत तर खालून ओकीबोकी राहणार आणि फुलणार कुठे, तर पार शेंड्याला."

थोरलीने दर वर्षी ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं होतं. चांगलं धडधाकट झाड कापा म्हणतो म्हणजे याला दुसरं रोप विकायचं असणार, अशी तिची खात्री होती.

आणि शेंडा होता वरच्या गॅलरीत. गॅलरी होती धाकटीची, म्हणजे तिच्या जावेची. घर एकच, खाली थोरला भाऊ, वर धाकटा. वर जायचा जिना मात्र खालच्या व्हरांड्याला लागून, थोरलीच्या शिलाई मशीनच्या अगदी नाकासमोर. येणारीजाणारी धाकटी दिसल्याशिवाय एकही दिवस जायचा नाही, आणि दोघींमध्ये बोलणं तर बंद.

झालं होतं एवढंच की धाकटीने वर कुंड्यांना पाणी घातलं आणि ते मातकट पाणी खाली दोरीवर वाळणाऱ्या पांढऱ्या झग्यावर ओघळलं. झगा गिऱ्हाइकाचा, आणि लग्न दुसऱ्या दिवशी. थोरलीने पुढचा आख्खा भाग नव्याने शिवला, नवरीला कळलंसुद्धा नाही. पण त्याआधी ती धाकटीला जे बोलली ते साऱ्या गल्लीने ऐकलं. शेवटचं वाक्य होतं, "पुन्हा तुझं तोंड बघायची वेळ माझ्यावर येऊ नये."

धाकटी उलट बोलली नाही, रडली नाही. वर गेली आणि तेव्हापासून जिन्यावरून जातायेता मान खाली घालून जाऊ लागली. थोरलीच्या डोक्यात तिडीक जायची ती याचीच. चार शब्द उलट बोलली असती तर भांडण तरी झालं असतं, आणि भांडण झालं असतं तर मिटलंही असतं. आता हिची ती खाली घातलेली मान किती दिवस बघायची?

म्हणून वेल लावला होता. जिना आणि व्हरांडा यांच्यामध्ये फुलांचा आडपडदा. चांगला कोपरभर खोल खड्डा खणला, शेणखत घातलं, बुंध्याशी फरशीचा तुकडा ठेवला, कारण या वेलाचे पाय सावलीत लागतात आणि डोकं उन्हात. "मलाही तसंच लागतं," नवरा म्हणाला होता, पण त्याच्यासाठी फरशी कोणी आणली नाही.

पहिल्या वर्षी वेल रुसून बसला. दुसऱ्या वर्षी व्हरांड्याकडे ढुंकूनही न बघता सरळ वर चढला. आणि गेल्या उन्हाळ्यात धाकटीची गॅलरी या टोकापासून त्या टोकापर्यंत जांभळी झाली, बशीएवढाली फुलं! रस्त्यावरून जाणारे थांबून वर बघायचे, कौतुक धाकटीचं करायचे. खाली थोरलीच्या वाट्याला काय, तर चार काड्या. त्या काड्यांमधून जिना स्वच्छ दिसायचा आणि जिन्यावरची धाकटीही. पाणी थोरलीने घालायचं, गोगलगायी हिने वेचायच्या, आणि तोंडाला पानं पुसली गेली तीही हिच्याच.

पूर्वी दुपारच्या वेळी धाकटी खाली यायची. बुटक्या स्टुलावर बसून थोरलीच्या कपड्यांना तुरपाई करायची. हात चांगला होता, पण दर चौथा टाका हटकून मोठा पडायचा. थोरली तो उसवायची, बडबडायची, आणि मग दोघी चहा प्यायच्या. आता सुईत दोरा ओवायलाच थोरलीला अर्धी दुपार लागते. धाकटीवाचून करमत नाही हे तिने नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं, आणि सांगणारही नव्हती.

या वर्षी मात्र रोपवाटिकावाल्याचं ऐकायचं ठरलं होतं. लाकडी जाळी आणली होती, ती व्हरांड्याच्या दोन खांबांमध्ये बसवायची. वेल कापला की नवी फूट खालूनच पसरेल आणि उन्हाळ्यापर्यंत जिना दिसेनासा होईल. नवऱ्याने खांबांना भोकं पाडून लोखंडी आकडे पिळायला घेतले.

थोरलीने दात आवळले आणि कापलं. एक काडी, दुसरी, मग सगळ्याच. कात्री बाजूला ठेवून तिने वरचा गुंता खाली ओढला. तो येईना. पुन्हा ओढला. सारी गॅलरी थरथरली, पण वेल काही सुटेना.

"मेला कापल्यावरसुद्धा वरच!" ती ओरडली आणि सगळा भार टाकून लोंबकळली.

वाळक्या काड्यांचा एक झुबका तुटून तिच्या डोक्यावर पडला. केसांतला कचरा काढताना हाताला कापडाची पट्टी लागली. एका काडीला सैलसर गाठ मारून बांधलेली, पांढऱ्या सुती कापडाची. थोरलीने ती सवयीने बोटांत फिरवली. दोन्ही कडा दुमडून तुरपाई केलेली होती. तिने पट्टी डोळ्यांजवळ नेली. टाके बारीक, एकसारखे, आणि दर चौथा मोठा.

वर दार उघडलं. धाकटी कठड्यावरून वाकली, खाली कापलेले बुंधे बघितले, आणि जिना उतरून समोर येऊन उभी राहिली. मान खाली नव्हती.

"कापलात?"

"कापला."

"ताई, आता माझं काय चुकलं?"

"तुझं काय चुकायचंय? वेल आहे तो."

"तुम्ही वर पाठवला होतात ना तो."

ड्रिलचा आवाज थांबला.

"तोंडाने बोलणं तुम्हाला जमायचं नाही, हे मला माहीत आहे," धाकटी म्हणाली. तिने मनगटाने डोळे पुसले. "वेल गॅलरीत आला तेव्हा मी ह्यांना म्हटलं, बघा, ताईंनी पाठवलाय. पहिलं फूल आलं तेव्हा खाली यायला निघाले होते. अर्ध्या जिन्यापर्यंत आले. तुम्ही मशीनवरून मान वर केली नाहीत. म्हटलं, थोडा राग उरला असेल, वेल येतोय ना, तोवर आपण सांभाळू. कठड्याला त्याची पकड बसत नव्हती, म्हणून बांधत गेले. आणि आज बघते तर तुम्ही…"

खरं सांगायचं तर एकच वाक्य होतं, तुझं तोंड दिसू नये म्हणून लावला होता, आणि ते थोरलीच्या जिभेवर येऊन बसलं होतं. नवरा हातात आकडा धरून तिच्याकडे बघत होता. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून ती आणखीच वैतागली.

"झाड बांधायच्या चिंधीला तुरपाई कोण करतं गं?"

"सुटे धागे कोवळ्या फुटीला काचतात."

"आणि चौथा टाका अजून तसाच?"

"उसवायला तुम्ही नव्हतात ना," धाकटी म्हणाली.

थोरलीने पट्टी दुमडून ब्लाउजमध्ये खोचली. मग कुणावर तरी ओरडावं तशी म्हणाली, "दर वर्षी कापावाच लागतो हा. आधीच कापायला हवा होता, मीच ऐकलं नाही. पुन्हा फुटेल. रडू नकोस."

"वर येईल?"

"वरून बांधणारं कोणी असलं तर येईल. जा, गाठी सोड. मी खालून ओढते."

धाकटी दोन दोन पायऱ्या चढत वर गेली. एकेक गाठ सुटू लागली आणि वाळका वेल निमूटपणे खाली येऊ लागला. नवरा जाळीला टेकून हळूच म्हणाला, "आणि हिचं काय करायचं?"

"भिंतीला लावा. उभी. पार गॅलरीपर्यंत."

"अगं, पण खांबांना आकडे बसवून झाले माझे!"

हे मात्र हळू नव्हतं. वरून धाकटीचं डोकं बाहेर आलं.

"ताई, आकडे कशाला हो ते?"

नवऱ्याने तोंड उघडलं. थोरलीने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने ते मिटून घेतलं.

"दोरीला," ती वर बघत म्हणाली. "कपडे वाळत घालायच्या. तुझ्या गॅलरीखालची काढून इकडे बांधतेय."

धाकटी कठड्यावरून आणखी खाली वाकली.

"म्हणजे कुंड्यांना पाणी…"

"घाल की. तुला नको कोणी म्हटलंय?"

मग ती नवऱ्याकडे वळली.

"बघताय काय? आणा ती दोरी."